मोटरसायकलच्या बॅटरीला चार्जरची कायमची वायर घरीच कशी जोडायची

गाडी काही आठवडे उभी राहिली की सेल्फ दाबल्यावर नुसता कट-कट आवाज येतो, मीटरचे दिवे मंदावतात आणि इंजिन काही फिरत नाही. रोज न चालणाऱ्या गाडीच्या मालकाला हे नवीन नाही. उपायही त्याला ठाऊक असतो: अधूनमधून चार्जर लावायचा. पण त्यासाठी दर वेळी सीट काढा, साईड कव्हर काढा, अडचणीच्या जागेत हात घालून टर्मिनलला चिमटे लावा, ते निसटून एकमेकांना टेकत नाहीत ना ते बघा. एवढा व्याप असला की चार्जिंग आज नको उद्या करत राहून जातं आणि बॅटरी अकाली मरते. बॅटरीला एक छोटी वायर कायमची जोडून तिचा कपलर, म्हणजे चार्जर जोडायचं टोक, बाहेर काढून ठेवला की हा सगळा व्याप संपतो. चार्जर लावणं मोबाइल चार्जिंगला लावण्याइतकं सोपं होतं, आणि सोपं झालं की ते खरंच केलं जातं.

काम तासाभराच्या आतलं आहे. मात्र सुरुवात करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ही वायर थेट बॅटरीवरून येते, गाडीच्या किल्लीशी तिचा काहीही संबंध नाही. किल्ली काढून ठेवली तरी तिच्यात करंट असतो. गाडी धुताना असतो, चालवताना असतो, रात्री गाडी उभी असतानाही असतो. फ्यूज कुठे बसवायचा, कपलरची कुठली पिन कुठल्या टोकाला, वायर कुठून न्यायची, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

उभ्या गाडीची बॅटरी का उतरते

बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि उन्हाळ्यात जरा लवकर उतरते. त्यात आजच्या गाड्यांना किल्ली बंद असतानाही थोडा करंट लागतो: घड्याळ, इंजिनाच्या कंट्रोल युनिटची मेमरी, अलार्म, जीपीएस ट्रॅकर. हा करंट किरकोळ वाटतो, पण हिशेब करून बघा. समजा एखादी गाडी उभी असताना १० मिलिअँपिअर खाते. दिवसाला ०.२४ अँपिअर-तास झाले, ३० दिवसांत ७.२ अँपिअर-तास. बॅटरी ८ अँपिअर-तासाची असेल तर महिन्याभरात ती जवळजवळ रिकामी होते. गाडीत काही बिघाड नसताना होते. म्हणून बॅटरी उतरली की लगेच नवी आणण्याआधी गाडीत नंतर काय काय जोडलं आहे तेही एकदा बघावं.

खरं नुकसान बॅटरी उतरण्याने होतं त्याहून जास्त ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहण्याने होतं. लेड-ॲसिड बॅटरी कमी चार्जवर राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक साचतात. लवकर चार्ज केली तर ते विरघळतात, खूप दिवस राहिले तर कडक होऊन बसतात आणि प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. अशी बॅटरी चार्जरवर लवकर 'फुल' दाखवते आणि सेल्फ दाबला की लगेच बसते.

आधी आपली बॅटरी ओळखा

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि गाडी काही तास बंद राहिल्यावर टर्मिनलवर मोजा. नुकतीच चालवलेली किंवा नुकतीच चार्ज केलेली बॅटरी काही काळ फसवा, वाढीव आकडा दाखवते. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरलेली असताना ती साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, एजीएम प्रकारची (ॲसिड काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेली, सीलबंद) असेल तर त्यातला वरचा आकडा धरा. १२.४ च्या आसपास ती पाऊण भरलेली असते, १२.२ च्या आसपास निम्मी आणि १२ व्होल्टला जवळपास उतरलेली. १२.४ च्या खाली आली की चार्ज करायची वेळ झाली, असं मी मानतो.

लिथियमची बॅटरी असेल तर हे आकडे लागू होत नाहीत. मोटरसायकलला सहसा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी येते. तिच्यात चार सेल असतात आणि ती भरलेली असताना १३.२ व्होल्टच्या वरच राहते. तिला लिथियमची वेगळी सेटिंग असलेलाच चार्जर हवा. सल्फेट तोडण्यासाठी काही चार्जर जास्त व्होल्टेजचे झटके देतात, ते लिथियमला चालत नाहीत. वायर जोडण्याची पद्धत मात्र दोन्हींना सारखीच आहे.

जुनी गाडी असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. बॅटरी ६ व्होल्टची तर नाही ना, आणि चासीला प्लस जोडलेला तर नाही ना. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी बऱ्याच पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. तसं असेल तर खाली जिथे 'आधी मायनस' म्हटलं आहे तिथे आधी चासीला गेलेलं टोक, असं समजायचं.

सामान

चार्जरच्या खोक्यात बहुतेक वेळा एक तयार वायर असते: एका टोकाला दोन गोल रिंगा, लाल वायरीवर फ्यूज होल्डर आणि दुसऱ्या टोकाला दोन पिनांचा चपटा कपलर. या कपलरला एसएई कनेक्टर म्हणतात. तयार वायर मिळत असेल तर तीच वापरा. घरी बनवलेली वायर तिच्याइतकी चांगली करता येते, पण त्यासाठी चांगलं क्रिंपिंगचं, म्हणजे रिंगेची नळी वायरीवर दाबून पक्की बसवायचं, हत्यार हवं आणि ते प्रत्येकाकडे नसतं.

तयार वायर घेतानाही तीन गोष्टी बघाच. पहिली, फ्यूज आहे का आणि तो रिंगेपासून किती लांब आहे. रिंग आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कसलंही संरक्षण नसतं, म्हणून हा तुकडा वीतभराच्या आतच हवा. फ्यूज कपलरजवळ असेल तर ती वायर घेऊ नका. दुसरी, रिंगेचं भोक. मोटरसायकलच्या टर्मिनलचा बोल्ट बहुतेक एम ६ असतो, छोट्या बॅटरीला एम ५. एम ५ ची रिंग एम ६ च्या बोल्टवर बसवायला भोक कानशीने मोठं केलं तर कडेला धातू फार थोडा उरतो. योग्य मापाचीच रिंग आणा. तिसरी, कपलरला झाकण आहे का.

हत्यारं नेहमीचीच: टर्मिनलला लागेल तो पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, केबल टाय, थोडी जाळीची किंवा चिरलेली प्लॅस्टिकची स्लीव्ह, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा आणि पेट्रोलियम जेली. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे असावेत. हातातली अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. टर्मिनल आणि चासी यांच्यामध्ये अंगठी अडकली तर ती क्षणात लालभडक होते आणि बोटातून निघत नाही.

वायर स्वतः बनवायची असेल तर

तयार वायर असेल त्याने हा भाग सोडून पुढे जावं.

दीड चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची मऊ तांब्याची वायर घ्या, लाल आणि काळी. मोटरसायकलचा चार्जर साधारण एक-दोन अँपिअर देतो, त्यामुळे एवढ्या जाडीची गरज नाही असं वाटेल. पण वायरीची जाडी चार्जर बघून ठरवायची नसते, फ्यूज बघून ठरवायची असते. बॅटरी शॉर्ट झाली तर छोटीशी बॅटरीसुद्धा शंभर अँपिअरच्या वर करंट ओतू शकते. अशा वेळी फ्यूज आधी उडाला पाहिजे आणि तोवर वायर गरम होता कामा नये. साडेसात किंवा १० अँपिअरचा फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर ही जोडी त्या हिशेबाने ठीक बसते. पात्याच्या फ्यूजमध्ये साडेसातचा रंग तपकिरी असतो, दहाचा लाल. फक्त चार्जिंगच करणार असाल तर साडेसातचा पुरतो. होल्डर झाकणाचा आणि पाणी आत न जाणारा असावा.

वायरीचं टोक सोलताना आतली एकही तार तुटू देऊ नका. तांबं रिंगेच्या नळीत पूर्ण बसेल एवढंच सोला. लाल कॉलरच्या रिंगा साधारण दीड चौरस मिलिमीटरपर्यंतच्या वायरीसाठी असतात, निळ्या त्याच्या पुढे अडीचपर्यंत. तारा हलक्या पिळून नळीत सरकवा, दुसऱ्या बाजूने तांब्याची टोकं जराशी दिसली पाहिजेत, आणि मग क्रिंपरने एकाच दमात पूर्ण दाबा. दाबून झालं की रिंग एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून चांगला हिसका द्या. निघायची असेल तर आत्ताच निघू दे.

डाग देऊन जोडावं की क्रिंप करावं यावर पुष्कळ वाद असतो. मोटरसायकलवर मी क्रिंपच्या बाजूने आहे. डाग देताना वितळलेलं कथील तारांमधून वर चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. गाडीच्या थरथरीने वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते, आणि ती जागा स्लीव्हखाली असल्यामुळे दिसतही नाही. नुसत्या तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं तर या कामात अजिबात नको. उन्हाने चिकटपट्टीचा गोंद सुटतो आणि आत सतत करंट असलेलं उघडं तांबं राहतं.

कपलर जोडताना पिना नीट बघा. एसएई कपलरच्या दोन पिनांपैकी एक उघडी, बाहेर आलेली असते, दुसरी रबराच्या आत दडलेली. बॅटरीकडून आलेल्या कपलरमध्ये लाल वायर झाकलेल्या पिनेला आणि काळी उघड्या पिनेला असली पाहिजे. उघडी पिन मायनसची असेल तर ती चासीला टेकली तरी काही होत नाही, कारण चासी आधीच मायनसला जोडलेली आहे. उलटं झालं तर झाकण निसटलेला कपलर लोखंडाला टेकताच ठिणगी उडते. सोलर पॅनेलबरोबर येणाऱ्या काही वायरींमध्ये पिना उलट्या असतात, म्हणून नुसत्या आकारावर विसंबू नका.

जोडणी

गाडी सपाट जागेवर, शक्य असेल तर मेन स्टँडवर घ्या. किल्ली काढा. गाडी नुकतीच चालवली असेल तर सायलेन्सर निवू द्या. नव्या वायरीच्या होल्डरमधला फ्यूज काढून बाजूला ठेवा. तो सगळ्यात शेवटी बसवायचा आहे. फ्यूज बाहेर असला की कपलरच्या टोकाला चुकून काही टेकलं तरी काही घडत नाही.

बॅटरी उघडी केलीत की हात लावायच्या आधी एक फोटो काढा. कुठली केबल कुठे होती आणि कुठल्या टर्मिनलवर किती वायरी होत्या, हे परत जोडताना उपयोगी पडतं. टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट थर साचला असेल तर तो केबल सुटल्यावर काढायचाच आहे.

आता आधी मायनसची केबल सोडा. हा क्रम का, ते एकदा समजलं की विसरत नाही. मायनस जोडलेला असताना तुम्ही प्लसचा बोल्ट सोडायला गेलात आणि पान्याचं मागचं टोक चासीला टेकलं, तर पाना म्हणजे सरळ शॉर्ट. मायनस आधी सोडला असेल तर पाना कुठेही टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही. सोडलेली केबल वाकवून टर्मिनलपासून लांब करा, तिच्यावर एखादं कापड गुंडाळा, म्हणजे ती आपोआप परत येऊन टेकणार नाही. अलार्म असलेली गाडी बॅटरी सुटताच कधी कधी ओरडते, घाबरू नका. घड्याळ आणि ट्रिप मीटर शून्यावर जातात, ते नंतर लावून घ्या.

मग प्लसची केबल सोडा. इथे एक बारकी अडचण येते. मोटरसायकलच्या बऱ्याच बॅटऱ्यांमध्ये टर्मिनल म्हणजे शिशाचा एक पोकळ चौकोन असतो आणि त्याच्या आत एक चौकोनी नट नुसता ठेवलेला असतो. बोल्ट निघाला की तो नट खाली बसतो किंवा घरंगळून बॅटरीच्या खोबणीत पडतो. आता तिथे एक रिंग जास्त आल्यामुळे बोल्टला जास्त लांबी लागते, आणि खाली बसलेल्या नटापर्यंत तो पोचत नाही. अशा वेळी नटाखाली स्पंजचा किंवा मऊ रबरी नळीचा छोटा तुकडा सरकवा. नट उचलून भोकासमोर येतो आणि बोल्ट पहिल्या प्रयत्नात आटे पकडतो. बोल्ट तरीही दोन-तीन आट्यांवरच बसत असेल तर थोडा लांब बोल्ट आणा. पण बॅटरीच्या अंगाला टेकेल इतका लांब नको.

साचलेला थर काढायला कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून टूथब्रशने टर्मिनल आणि केबलच्या रिंगा घासा. फेस येईल, तो थांबेपर्यंत घासा, मग ओल्या कापडाने पुसून कोरडं करा. पाण्याची बॅटरी असेल तर हे पाणी सेलच्या झाकणांतून आत जाता कामा नये, सोड्याने आतलं ॲसिड निकामी होतं. धातू चकचकीत दिसला पाहिजे.

जोडताना प्लस आधी. गाडीची जाड केबल टर्मिनलला सपाट टेकवा आणि तिच्या वर चार्जरच्या वायरीची लाल रिंग ठेवा. सेल्फ मोटरचा मोठा करंट जाड केबलमधून जातो, म्हणून टर्मिनलशी थेट स्पर्श तिचाच हवा. मध्ये पातळ रिंग घातली तर तेवढा अडथळा सेल्फला जाणवतो. रिंगेची नळीची बाजू वायर जायच्या दिशेला वळवा, नाहीतर बोल्ट आवळताना रिंग फिरते आणि वायर पिळवटते. बोल्ट आधी बोटांनी आवळा, मग एका हाताने रिंग धरून पान्याने घट्ट करा. मनगटाचा जोर पुरे. शिसं मऊ असतं, दांडा लावून जोर केला तर टर्मिनल फाटतं. प्लसवर जे रबरी झाकण होतं ते परत बसवा. नव्या वायरीमुळे ते नीट बसत नसेल तर त्याची एक कड वायरीपुरती कापा, पण झाकण काढून टाकू नका.

मग तशाच क्रमाने मायनस. काळी रिंग चासीच्या एखाद्या बोल्टलाही जोडता येते, पण रंगाचा आणि गंजाचा थर मध्ये येण्यापेक्षा थेट बॅटरीच्या टर्मिनलवर जोडणं जास्त खात्रीचं. दोन्ही आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. आवळायच्या आधी लावू नका, धातूला धातू आधी भिडू दे.

वायर बाहेर कुठून काढायची

खरी कारागिरी इथे आहे, आणि घाई सर्वात जास्त इथेच केली जाते. कपलर कुठे हवा ते आधी ठरवा. साईड स्टँडच्या बाजूला, साईड कव्हरच्या खालच्या कडेपाशी तो बाहेर आला तर गाडी उभी करून उतरल्या उतरल्या हाताला येतो. चार्जर ज्या बाजूला ठेवणार ती बाजूही लक्षात घ्या. कपलरचं तोंड खाली असावं, म्हणजे पाणी आत साचणार नाही. तो चेनजवळ, मागच्या चाकाच्या उडणाऱ्या चिखलात किंवा पाय घासेल अशा जागी नको.

बॅटरीपासून तिथपर्यंतचा रस्ता शोधताना गाडीचा मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कुठून गेला आहे ते बघा. कारखान्याने त्याच्यासाठी थंड, न हलणारी जागा निवडलेली असते. त्याच्या सोबतीने गेलात की निम्मे प्रश्न सुटतात. तीन जागा टाळा: सायलेन्सर आणि इंजिनच्या डोक्याच्या जवळपास, जिथे इन्सुलेशन वितळेल. स्विंगआर्म, शॉकॲब्जॉर्बर, हँडलच्या मानेसारखे हलणारे भाग, जिथे वायर घासली जाईल. आणि सीटच्या पत्र्याखालची कड, जिथे बसणाऱ्याच्या वजनाने वायर दर वेळी चेपली जाते. हा तिसरा धोका लवकर लक्षात येत नाही, कारण सीट बसवताना वायर चेपलेली दिसत नाही. सीट लावायच्या आधी तिच्या खालच्या रबरी बुशांच्या जागा बोटाने चाचपून बघा.

पत्र्याच्या भोकातून वायर नेत असाल तर भोकाला रबरी ग्रॉमेट हवंच. जिथे जिथे वायर धातूला टेकते तिथे वरून स्लीव्ह घाला. हातभर अंतरावर केबल टाय लावा, पण करकचून नको, वायर जागेवर राहील इतकाच आवळा आणि उरलेली शेपटी सपाट कापा. बॅटरीजवळ थोडी ढील ठेवा, म्हणजे बॅटरी बाहेर काढताना रिंगेवर ताण येणार नाही. जास्तीची वायर गुंडाळी करून बॅटरीवर टाकू नका, सीटखाली बाजूला बांधा. फ्यूज होल्डर हाताला येईल असा ठेवा.

गाडीच्या मूळ हार्नेसची कुठलीही वायर या कामात कापायची किंवा सोलायची नसते. तशी वेळ आली तर कुठेतरी रस्ता चुकला आहे असं समजा.

तपासणी

कव्हर लावायच्या आधी फ्यूज बसवा. मल्टिमीटरची लाल काडी कपलरच्या झाकलेल्या पिनेत घाला, काळी उघड्या पिनेला लावा. बॅटरीवर जेवढे व्होल्ट होते तेवढेच इथे दिसले पाहिजेत. आकड्याच्या आधी उणे चिन्ह आलं तर पिना उलट्या आहेत, तिथेच थांबा. काहीच दिसत नसेल तर फ्यूज बघा, मग क्रिंप. आकडा बॅटरीपेक्षा बराच कमी असेल तर कुठल्यातरी सांध्यात गंज किंवा ढिलाई आहे.

मीटर हातात आहेच, तर गाडी चालू करून बॅटरीवर एकदा मोजा. मध्यम आरपीएमला साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट आले तर गाडीची स्वतःची चार्जिंग ठीक आहे. आकडा साडेबाराच्या आसपासच अडकून राहिला तर दोष बॅटरीचा नाही, स्टेटर किंवा रेग्युलेटर बघायला हवा. बाहेरून चार्जर लावून तो दोष काही दिवस झाकला जातो, इतकंच.

हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, सीटवर बसून गाडी दाबा, मागे कुणाला तरी बसवा आणि वायर कुठे ताणली जाते का ते बघा. मग कव्हर लावा.

चार्जर लावताना

चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो. हवेत तो ४ टक्क्यांच्या वर गेला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून जागा मोकळ्या हवेची हवी, आणि आधी कपलर जोडायचा, मग भिंतीवरचं बटण चालू करायचं. काढताना आधी बटण बंद, मग कपलर. ही वायर असल्याचा मोठा फायदा इथे मिळतो: जोडताना एखादी ठिणगी उडाली तरी ती बॅटरीच्या तोंडाशी उडत नाही, कपलरपाशी, लांब उडते. पाण्याच्या बॅटरीत चार्जिंगआधी पातळी बघा आणि कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

चार्जर स्वयंचलित असावा. तो आधी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढवतो, बॅटरी भरली की १३.२ ते १३.६ च्या आसपास उतरून तिथे धरून ठेवतो. असा चार्जर लावून ठेवता येतो. कार गॅरेजमधला जुना, साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर बॅटरी भरली तरी थांबत नाही. तो छोट्या सीलबंद बॅटरीतलं पाणी उडवून टाकतो, आणि ते परत भरता येत नाही. वेळेचा अंदाज सोपा आहे: ८ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी उतरली असेल तर एक अँपिअरच्या चार्जरला चार-पाच तास लागतात, शेवटचा थोडा भाग भरायला आणखी काही तास. गोठणाऱ्या थंडीत, शून्य अंशाच्या खाली, लिथियम बॅटरी चार्ज करू नका.

चार्जिंगच्या काळात बॅटरी किंचित कोमट झाली तर चालतं. हाताला गरम लागली, फुगलेली दिसली किंवा कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर बटण बंद करा आणि ती बॅटरी बदला.

चार्जर जोडलेला असताना गाडी चालू करू नका, आणि निघण्याआधी कपलरकडे नजर टाका. चार्जरसकट गाडी पुढे नेली जाऊ नये म्हणून मी किल्ली चार्जरच्या बटणापाशीच अडकवून ठेवायला सांगतो.

या वायरीवर आणखी काय चालेल

साडेसात अँपिअरचा फ्यूज म्हणजे १२ व्होल्टवर ९० वॅट, दहाचा म्हणजे १२० वॅट. यात मोबाइल चार्जर सहज बसतो. चाकात हवा भरायचा छोटा पंपही चालतो, पण त्याच्यावर लिहिलेले अँपिअर आधी वाचा, काही पंप दहाच्या आसपास घेतात. पंप लावताना त्याचा प्लस कुठल्या पिनेला आहे तेही मीटरने बघा. पंपाने फ्यूज उडत असेल तर फ्यूज मोठा घालायचा नाही, त्या पंपासाठी जाड वायरीची वेगळी जोडणी करायची. दुसऱ्या गाडीवरून करंट घेऊन सेल्फ मारण्यासाठी ही वायर नाही, सेल्फ मोटरला लागणारा करंट हिच्या फ्यूजच्या कित्येक पट असतो.

पुढे कधी अडलं तर

चार्जर लावला आणि त्याचा दिवाच लागत नाही, असं झालं तर आधी फ्यूज काढून उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली असेल तर फ्यूज बदलण्याआधी तो का उडाला ते शोधा: वायरीवर बोटं फिरवत जा, चेपलेली किंवा घासलेली जागा हाताला लागते. फ्यूज शाबूत असेल तर बॅटरीचे व्होल्ट बघा. बरेच स्वयंचलित चार्जर फार खोल उतरलेली बॅटरी ओळखतच नाहीत आणि चार्जिंग सुरू करत नाहीत. बॅटरी ठीक असेल तर कपलरच्या पिना बघा, हिरवट झाल्या असतील तर बारीक सँडपेपरने घासून पुसा.

दर सर्व्हिसिंगला टर्मिनलचे बोल्ट हाताने तपासून घ्या, थरथरीने ते सैल होतात, आणि आता तिथे एक रिंग जास्त आहे. सर्व्हिसिंगला देताना मेकॅनिकला ही वायर दाखवून ठेवा. बॅटरी काढून परत बसवताना पातळ रिंग जाड केबलच्या खाली घातली जाण्याची शक्यता तिथेच जास्त असते. गाडी परत आली की सीट उचलून रिंगांचा क्रम आणि प्लसवरचं रबरी झाकण बघा.